पाणथळीतील वास्तू आणि अपह्नुती

पाणथळ जागी बांधावयाच्या प्रेक्षकभवनापुढे एक मूलभूत अडचण असते. लोक जे पाहण्यासाठी येतात ते भवनाबाहेर असते, आणि भवन जितके वाढते तितकी ती जागा आक्रसते. म्हणून अशा वास्तूला आपल्या अस्तित्वाचे समर्थन करावे लागते. हाँगकाँगच्या उत्तर भागात, तिन श्वी वाय येथील पाणथळ उद्यानातील भवनाने हे समर्थन ज्या रीतीने केले आहे, ती रीत परीक्षणास योग्य आहे.

ह्या उद्यानाचा जन्म प्रथम लक्षात घेतला पाहिजे. तिन श्वी वाय हे नवे नगर पूर्वीच्या मत्स्यतळ्यांच्या प्रदेशात उभे राहिले. नगराच्या विस्तारामुळे जी पाणथळ नष्ट झाली तिची भरपाई म्हणून ६१ हेक्टर भूमी राखण्यात आली. पुढे तिचेच उद्यान करण्याचे ठरले. २००० साली त्याचा पहिला टप्पा व मे २००६ मध्ये संपूर्ण उद्यान लोकांस खुले झाले. सुमारे १०,००० चौरस मीटरचे प्रेक्षकभवन तेथील शासनाच्या वास्तुसेवा विभागाने रचले. तात्पर्य, ज्या नगराने पाणथळ गिळली त्याच्याच उंबरठ्यावर, त्या हानीच्या मोबदल्यात मिळालेल्या भूमीवर, हे भवन उभे आहे.

प्रवेशाच्या बाजूने पाहता ते भवन वाटतच नाही. हिरवळीने आच्छादलेले त्याचे छप्पर जमिनीपासून हळूहळू चढत जाते आणि समोर एक टेकडी दिसते. आपल्या अलंकारशास्त्रात ह्या उक्तीला नेमके नाव आहे: अपह्नुती. उपमेयाचा निषेध करून त्याच्या जागी उपमानाची स्थापना करणे, हे तिचे लक्षण. 'हे भवन नव्हे, ही टेकडी आहे,' असे ही रचना म्हणते. पुष्कळ समीक्षक अशा रचनेस नम्रता म्हणून गौरवितात. परंतु लपणे आणि नम्र असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. एवढे मोठे बांधकाम गवताखाली गेले म्हणून ते लहान होत नाही.

अपह्नुतीचे मर्म निषेधात नसून श्रोत्याच्या जाणिवेत आहे. मुख हे मुखच आहे हे ठाऊक असूनही 'हे मुख नव्हे, चंद्र आहे' असे ऐकण्यात आनंद असतो. ते ज्ञान लोपले की अपह्नुती संपून भ्रांती उरते. तेव्हा प्रश्न असा की, येथे येणाऱ्यास सत्य कळण्याची सोय वास्तूने ठेवली आहे काय?

छपरावर ती निश्चितपणे ठेवली आहे. ह्या टेकडीवर चालत जाता येते. माथ्यावरून एका अंगाला पाणी, बोरूची बेटे व खारफुटी दिसते, आणि वळून पाहिले की नगराच्या उंच इमारतींची भिंत उभी असते. जे गेले आणि जे उरले, ते दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात येते. येथे अलंकार आपणहून उलगडतो. हा ह्या वास्तूचा सर्वोत्तम भाग होय.

आतील दालनाविषयी असे म्हणता येत नाही. त्याची मोठी काच पाणथळीकडे उघडते आणि नगर पाठीमागे राहते. थंड हवेत उभ्या असलेल्या प्रेक्षकास समोरचे पाणी आदिम, अस्पर्श वाटू लागते. वस्तुतः ते बहुतांशी माणसाने घडविलेले आहे. नगराचेच पावसाचे पाणी तळ्यात निवळून, बोरूच्या दाटीतून गाळले जाऊन तेथे येते. ही गोष्ट कमीपणाची नाही. उलट तीच अभिमानाने दाखविण्याजोगी आहे. काचेची चौकट मात्र ती झाकते, आणि अपह्नुतीची जागा भ्रांती घेते.

बांधकामाची सामग्री अधिक प्रामाणिक आहे. जुन्या चिनी घरांच्या विटा आणि टाकून दिलेले कालवांचे शिंपले भिंतींत वापरले आहेत. ह्या किनाऱ्यावर माणसे राहत होती, कालवे काढून उपजीविका करीत होती, हे त्या भिंती न बोलता सांगतात. भूगर्भातील स्थिर तापमानाचा उपयोग करून भवन थंड राखण्याची योजनाही स्तुत्य आहे. तथापि, प्रदर्शनदालनांचा एवढा विस्तार आवश्यक होता काय, हा प्रश्न तिने मिटत नाही.

त्याचे उत्तर उद्यानातच आहे. भवनापासून दूर पक्षिनिरीक्षणासाठी तीन लाकडी आडोसे बांधले आहेत. त्यांत पाहण्यापुरत्या आडव्या फटी आहेत, आणि पक्षी दिसण्यासाठी गप्प बसून वाट पाहावी लागते. भवन आपण नाहीच असे सांगते. आडोसा आपले असणे कबूल करतो आणि माणसाला लहान करतो. नम्रता हा शब्द वापरावयाचाच तर तो येथे वापरावा. भरपाईच्या भूमीवर बांधणाऱ्याने हानी झाकू नये, ती दिसेल अशी जागा राखावी. ह्या भवनाच्या छपराने हे कर्तव्य पार पाडले आहे. त्याच्या दालनाने ते अर्धवट सोडले आहे.