राडारोड्याची खडी : एका परिभाषेची चिकित्सा

पाडलेल्या बांधकामाचे अवशेष फोडून त्यांची खडी नव्या काँक्रीटमध्ये वापरण्याचा विषय मराठी लेखनात आता वारंवार येऊ लागला आहे. हे लेखन वाचताना प्रथम जाणवते ते विषयाचे काठिण्य नव्हे, तर शब्दांची परकी ठेवण होय. कोठे ‘पुनर्चक्रित समुच्चय’ असा प्रयोग आढळतो, तर यंत्राकडून करविलेल्या भाषांतरांत नुसते ‘एकत्रित’. पहिला शब्द संधिनियमालाही जुमानत नाही. ‘पुनर्’ पुढे ‘च’ आला असता काय होते, हे पत्राखाली ‘पुनश्च’ लिहिणाऱ्या पिढीला सांगावे लागत नव्हते. शिवाय ‘समुच्चय’ म्हटल्यावर मराठी वाचकाला व्याकरणातील ‘आणि’ व ‘व’ आठवणार, खडी नव्हे.

हिंगोली जिल्ह्यासारख्या, काळ्या पाषाणावर वसलेल्या आणि विदर्भाला लागून असलेल्या प्रदेशात या वस्तूस ‘खडी’ व ‘गिट्टी’ असे दोन्ही शब्द चालतात. शिवाय मुरूम, डब्बर, कच, चुरी ही आकारानुसार व प्रकारानुसार केलेली नेमकी वर्गवारी गवंड्याच्या तोंडी असतेच. खडी व वाळू या दोहोंना कवेत घेणारा एक शब्द शास्त्राला हवा, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘खडी-वाळू’ हा द्वंद्व समास ते काम निमूटपणे करतो. ‘फेरविचार’, ‘फेरतपासणी’ यांच्या धर्तीवर ‘फेरखडी’ म्हणण्यासही प्रत्यवाय नसावा.

परंतु शब्द बोजड असणे हा दोष गौण होय. खरा दोष असा की, या लेखनात दोन भिन्न वस्तू एका नावाखाली येतात. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी आणि वीट, कौल, फरशी यांसह मिश्र राडारोड्यापासून केलेली खडी असा स्पष्ट भेद केला आहे. पहिलीचे प्रमाण साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि लोखंडी सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, तेही एम २५ पर्यंतच्या प्रतीत, २० टक्क्यांपर्यंत चालते. दुसरीला मात्र एम १५ हून कमी प्रतीच्या काँक्रीटपलीकडे प्रवेश नाही. ‘राडारोड्याची खडी २० टक्के वापरता येते’ हे विधान म्हणूनच अर्धसत्य नसून धोक्याचे आहे; ते वाचून कोणी विटांचे रोडे स्लॅबमध्ये घालील.

याचे कारणही सुबोध मराठीत सांगता येते. फोडलेल्या काँक्रीटच्या प्रत्येक खड्याला जुन्या सिमेंटचा माल चिकटून राहतो. हा थर सच्छिद्र असल्याने मिश्रणातील पाणी शोषतो. खडी आधी भिजवून घेतली नाही तर काँक्रीट घट्ट होते, आणि मग कारागीर वरून पाणी ओततो. ताकद तेथेच जाते. शिवाय खडा व जुना माल आणि जुना व नवा माल अशा दोन दुर्बल संधी निर्माण होतात. प्रमाण मर्यादित असता २८ दिवसांच्या ठोकळ्याच्या चाचणीत फरक अल्प दिसतो. सर्व खडी बदलली तर साधारणतः १० ते २५ टक्के घट येऊ शकते.

येथे ‘मजबुती’ या एका शब्दाने भागत नाही. दाब सोसणे वेगळे, वाकताना ताठरपणा टिकवणे वेगळे आणि वाळताना आकसणे वेगळे. फेरखडीने दाबसहनशक्ती थोडी घटली तरी ताठरपणा अनेकदा त्याहून अधिक घटतो. २०२४ मध्ये २१ मार्च व १० जुलै रोजी हिंगोली परिसराला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा जिल्ह्यात हे भेद केवळ कोशकारांच्या आवडीचे मानता येणार नाहीत.

मराठीला हा विषय नवा नाही, हे आणखी एक आश्चर्य. चुन्यात मिसळावयाची सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूडच, आणि गच्चीवरील कोबा विटांच्या तुकड्यांचाच. औंढा नागनाथाच्या मंदिरात तळाचे कोरीव दगडी काम आणि त्यावर नंतरच्या काळी वीट-चुन्यात केलेले बांधकाम एकाच दृष्टिक्षेपात दिसते. मात्र या परंपरेच्या आधारे आजच्या मिश्र राडारोड्याचे समर्थन करू पाहणारे युक्तिवाद टिकणारे नाहीत. सुरखीची बारीक पूड चुन्याशी रासायनिक संयोग पावते. सिमेंट काँक्रीटमधील विटेचा तुकडा तुकडाच राहतो, आणि पाणी पितो.