अज्ञातवासातले अडकित्ते

दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. पुण्यातल्या त्यांच्या राजा केळकर संग्रहालयातल्या वस्तूंनी हे टोपणनाव फारच मनावर घेतलेलं दिसतं. संग्रह सुमारे २०,००० वस्तूंचा, मांडलेल्या जेमतेम २,५००. बाकीच्या मुदतठेवीत! ठेवी आम्हा बँकवाल्यांना प्रिय खऱ्या, पण ठेवीचीसुद्धा कधीतरी मुदत भरते हो!

वस्तू फिरत्या ठेवा. चार दिवे, दोन वज्र्या विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात मांडा, मग पुढे आमच्या चिंचवडला धाडा. अडकित्त्यापुढे आमच्यासारखा कारकून ‘वा, काय कला!’ म्हणून पुढे सरकतो. सरकणं अंगवळणीच पडलेलं. चाकणचा फिटर मात्र त्याची खीळ न्याहाळत तिथंच थांबेल आणि विचारील, “लेथ नसताना हे जमवलं कसं?”

पहारेकऱ्यानं त्याला ‘चला पुढे’ म्हणू नये, एवढंच.