पाहिलेले आणि ऐकलेले

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. रेडकाचे तोंड मडक्यात अडकते. सल्ला द्यायला आलेला शहाणा उंटावरून काही उतरत नाही, आणि त्याला आत घेण्यासाठी घरमालकाला आपलीच भिंत पाडावी लागते. मुले हसतात. मोठी माणसे तात्पर्य काढतात की, ज्यातले आपल्याला कळत नाही त्यात बोलू नये. मलाही हे तात्पर्य पुष्कळ वर्षे पटत होते. मारुती चितमपल्लींची पुस्तके पुन्हा वाचू लागलो, तेव्हा मात्र ते डळमळले.

चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. ते वनखात्यातले अधिकारी. म्हणजे ह्या विषयात बोलण्याचा परवाना त्यांच्या खिशातच होता. परंतु नवेगावबांधला आल्यावर ते शिकले कोणाकडून? तर माधवराव पाटील डोंगरवारांकडून. नवेगाव तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून ते गोंदियात गेले. माधवराव काही प्राणिशास्त्राचे पदवीधर नव्हेत. त्यांचे विद्यापीठ म्हणजे तो तलाव आणि ते रान. चितमपल्लींच्या लेखनातला मोठेपणा मला येथे दिसतो: जाणता अधिकारी अशा माणसापुढे शिष्य होऊन बसतो आणि ते लपवीत नाही. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणणारी त्यांची मराठी अशाच संगतीत वाढली.

ह्यात नवल नाही. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ हौशी मंडळींनी स्थापिली. तिचे नियतकालिक १८८६ मध्ये निघाले, आणि त्यात चहामळेवाले, लष्करी अधिकारी, वनाधिकारी अशा नाना पेशांच्या लोकांनी टिपणे धाडली. खुद्द सालिम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. पण तेथे दार उघडे असले तरी उंबरठा होता. काय पाहिले, कोठे पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले, हे लिहावे लागे. आणि जाणता संपादक ते तपासून घेई.

नेमका हाच उंबरठा चितमपल्लींच्या पुस्तकांत मला कधी कधी सापडत नाही. लेखकाने स्वतः पाहिलेले कोठे संपले आणि रानातल्या सोबत्याकडून ऐकलेले कोठे सुरू झाले, हे कळेनासे होते. भाषा इतकी गोड की विचारावेसेही वाटत नाही. ललित लेखनात हा दोष लहान. तथापि त्याच पानावरून कोणी पक्ष्यांचे शास्त्र शिकू लागला, तर तो मोठा होतो.

हे मी कोणत्या तोंडाने म्हणतो? पूर्वी मीही एका लेखात ठोकून दिले होते की, सारसाच्या जोडीतला एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो. आमच्या गावच्या तलावावर मासे धरणाऱ्या एका ढिवर म्हाताऱ्याला मी तो लेख मोठ्या ऐटीत वाचून दाखविला. त्याने बिडी विझविली आणि विचारले, “तुमी पायलं का जी?” मी म्हणालो, “नाही, ऐकले आहे.” “मंग आयकलं असंच लिवा ना जी.” एवढे बोलून तो जाळे उचलून चालता झाला. संपादकांनी जे विचारायला हवे होते, ते त्याने विचारले!

त्या म्हाताऱ्याला आपण गप्प बसविणार काय? सारस घरटे करतो तो धानाच्या बांधीत. तेथे रोज जाणारा शेतकरी आणि ढिवर जे पाहतो, ते नागपूर-मुंबईच्या पंडिताला कसे दिसावे? असा एकेक म्हातारा जातो, आणि न लिहिलेला एकेक ग्रंथ त्याच्याबरोबर जातो. म्हणून मला वाटते, अडाण्याने खुशाल लिहावे. फक्त पाहिलेले ते पाहिलेले आणि ऐकलेले ते ऐकलेले म्हणावे. जाणत्याने ते तपासावे, पण दार लावू नये.

उंटावरच्या शहाण्याची चूक तो अनभिज्ञ होता ही नव्हेच. तो खाली उतरून मडके पाहायला तयार नव्हता. आणि वाचकहो, पदवीचा उंट काही कमी उंच नसतो.