काळं झालं, चुंबकाला चिकटलं. पण फेरोफ्लुइड झालं का?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत नेट-सेटची तयारी करताना मॅग्नेटाइटचं सूत्र पाठ होतं. प्रयोगशाळेत तेवढं पुरत नाही. नेहमीची कृती अशी: फेरिक आणि फेरस क्लोराइड २:१ मोल प्रमाणात घ्या, ढवळत अमोनिया घाला, काळा साका आला की चुंबक लावून बघा. कृती चांगलीच आहे. माझी तक्रार तिच्या शेवटच्या चाचणीबद्दल आहे.

साका चुंबकाजवळ गोळा झाला आणि स्वच्छ पाणी वेगळं उरलं, तर ते फेरोफ्लुइड नव्हे. फेरोफ्लुइडमधले कण साधारण १० नॅनोमीटरचे असतात आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून चुंबकाकडे अख्खा द्रवच सरकतो. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये मॅग्नेटाइट ओलेइक आम्लासोबत दळलं, ते कण असे सुटे राहावेत म्हणूनच. कृतीत मात्र ही पायरी एका वाक्यात उरकलेली असते. त्यासाठी अनेकदा टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड वापरतात. ते त्वचेतून शरीरात जाऊन जीवघेणं ठरू शकतं, हेही तिथेच लिहायला हवं.

दुसरं, 'काळं म्हणजे मॅग्नेटाइट' हे गृहीतक. हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरसचं फेरिक होतं आणि मॅग्हेमाइट बनू लागतं. दोघांच्या एक्सआरडी रेषा जवळपास सारख्याच! त्यामुळे नुसत्या एक्सआरडीवर 'मॅग्नेटाइट' म्हणणारा पेपर हाती आला, तर मॉसबाउअर केलंय का, ते आधी बघा.