१९१४ च्या महायुद्धाची कारणमीमांसा : दोन प्रतिपादने

फ्रित्झ फिशर यांनी १९६१ मध्ये १९१४ च्या महायुद्धाचे मूळ जर्मनीच्या साम्राज्याकांक्षेत शोधले. ख्रिस्टोफर क्लार्क यांनी २०१२ मध्ये युरोपातील सर्वच मुत्सद्द्यांना ‘निद्राचारी’ ठरविले. दोन्ही ग्रंथ व्यासंगपूर्ण आहेत. तथापि दोहोंतील युक्तिवाद तपासून पाहणे अवश्य आहे.

फिशर यांचा एक प्रमुख आधार म्हणजे बेथमान-होल्वेग यांचा युद्धोद्दिष्टांचा मसुदा. परंतु तो ९ सप्टेंबर १९१४ चा, म्हणजे युद्ध पेटल्यानंतरचा आहे. युद्धात बळावलेली हाव हेच युद्धाचे कारण, असे केवळ त्यावरून सिद्ध होत नाही.

उलटपक्षी, क्लार्क यांची उपमाही फसवी आहे. निद्राचाऱ्यास परिणामांची जाणीव नसते. रशियाशी युद्ध ओढवले तरी पाठीशी राहू, असे वचन कैसरने ऑस्ट्रियाला ५ जुलैस दिले. झारने तर सार्वत्रिक सैन्यसज्जतेचा आदेश २९ जुलैच्या रात्री मागे घेतला व ३० जुलैस पुन्हा संमत केला. ही जागेपणाचीच लक्षणे होत.

मित्रसंघ, शस्त्रस्पर्धा आणि बाल्कनमधील राष्ट्रवाद यांनी युद्ध शक्य केले. ते अटळ केले नाही. शक्यता व निर्णय यांतील हे अंतर विसरल्यास कारणमीमांसेचे रूपांतर एक तर आरोपपत्रात होते, नाही तर दोषमुक्तीत.