‘योग्य प्रजाती’ म्हणजे नक्की कशासाठी योग्य?

कुंडी उचलली की खाली करड्या रंगाचे, सात जोड्या पायांचे जीव पळताना दिसतात ना, तेच आयसोपॉड. कीटक नव्हेत, खेकडा-झिंग्याचे नातेवाईक. बेडूक किंवा सरडा पाळायच्या बायोॲक्टिव्ह टाकीत, म्हणजे जिवंत माती आणि झाडं असलेल्या काचेच्या पेटीत, विष्ठा, बुरशी आणि पालापाचोळा खाऊन साफसफाई करायला ते सोडतात.

कोणती प्रजाती घ्यावी, याच्या याद्या भरपूर मिळतात. माझी हरकत त्यातल्या ‘योग्य’ या शब्दाला आहे. तो अर्धाच आहे. कुठे योग्य? कशासाठी? मोजलं कसं?

पोर्सेलिओ स्केबर ही प्रजाती ‘नवशिक्यांसाठी सोपी’ म्हणून सांगतात. पण ती मूळची युरोपातली. आपल्या हिंगोलीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. आयसोपॉड पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात आणि ते ओलसर राहावे लागतात. पांढरी, इवलीशी ट्रायकोरायना टोमेंटोसा मादी नराशिवाय प्रजनन करते, म्हणून तिची संख्या लवकर वाढते. पण जास्त पिल्लं म्हणजे जास्त साफसफाई, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मीही फसलोय. पहिल्या उन्हाळ्यात मी अख्खी पेटी ओली ठेवली. बरेच जीव मेले आणि मी वहीत लिहिलं, ‘प्रजाती अयोग्य’. खरं तर मी कोरडी बाजूच ठेवली नव्हती. त्यांना ओल्याकडून कोरड्याकडे सरकता यायला हवं. दोष माझ्या मांडणीचा, शिक्का प्रजातीवर!

मग काय करायचं? सगळ्या पेट्यांत सारखाच वाळवलेला पाला वजन करून टाका. प्रत्येक प्रजातीच्या किमान तीन पेट्या ठेवा, आणि तीन पेट्या आयसोपॉडशिवाय. या शेवटच्या तीन विसरू नका. पाला जिवाणू आणि बुरशीही कुजवतात. ३० दिवसांनी उरलेला पाला वाळवून पुन्हा वजन करा. तापमान रोज लिहा.

आणि परदेशी प्रजाती वापरली असेल, तर टाकीतली माती शेतात किंवा कयाधूच्या काठी टाकू नका. टाकीत योग्य ठरलेला जीव बाहेर सुटला की काय करेल, हे त्या याद्या सांगत नाहीत. तुमच्या प्रबंधाने मात्र तो प्रश्न विचारायला हवा.