टिकणे आणि टिकवणे

‘अभिजात’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘उच्च कुळात जन्मलेला’ असा आहे. कालौघात टिकून राहिलेल्या कलाकृतीला मराठी समीक्षा हेच विशेषण लावते, तेव्हा टिकाऊपणा आणि कुलीनता यांचे नाते ती न तपासताच मान्य करून टाकते. (२०२४ साली मराठी भाषेला मिळालेल्या दर्जाच्या नावातही हाच शब्द आहे.)

जातीने कुणबी आणि व्यवसायाने वाणी असलेल्या तुकारामाच्या गाथेवर या गृहीतकाची कसोटी घेता येते. विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेल्या गाथेचा पहिला खंड १८६९ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने प्रसिद्ध झाला, आणि विद्यापीठीय अभ्यासाला प्रमाण संहिता लाभली. याच सुमारास प्रार्थना समाजाच्या धुरिणांनी तुकारामाला आपलेसे केले. मात्र मूर्तिपूजा नाकारणाऱ्या या मंडळींना विटेवरच्या विठोबाचा तुकाराम अडचणीचाच होता. एवढ्यावरून अभिजनांनी तुकाराम टिकवला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संपादकांच्या हाती आलेल्या वह्या त्याआधी दोन शतके वारकरी घराण्यांनी जपल्या होत्या, आणि फडांवरच्या भजन-कीर्तनाने त्यांतील शब्द जिवंत ठेवला होता. छापखान्याने टिकलेल्याला अधिकृतता दिली. म्हणून मूल्यांविषयीचा प्रश्न कृतीइतकाच तिच्यातून वेळोवेळी झालेल्या निवडीला विचारला पाहिजे: नित्यपाठात कोणते अभंग राहिले, पाठ्यपुस्तकात कोणते गेले, आणि कोणते केवळ गाथेच्या पानांत उरले?

‘अभिजन’ या शब्दाच्या जागी ‘लोक’ हा शब्द ठेवला की हा प्रश्न सुटतो, असे मानणारी समीक्षाही तितकीच भाबडी आहे. चोखामेळ्याचे अभंग याच वारकरी परंपरेने सांभाळले. पण तिच्या केंद्रस्थानी असलेल्या पंढरपूरच्या मंदिराचे दार त्याच्या जातिबांधवांना १९४७ पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत, बंदच होते. उपलब्ध अभंगांत विटाळाच्या कल्पनेवरील रोखठोक प्रश्नांच्या शेजारीच पूर्वकर्माचा स्वीकारही आढळतो. हा स्वीकार चोख्याचा, की सोसवेल तेवढेच गात राहिलेल्या श्रोतृवर्गाचा, याचा निर्णय संहिता देत नाही. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढच्या पिढीतील अनेक दलित कवींना मात्र चोख्याची विनवणी आपली वाटली नाही.